सकाळची मूठ

मित्रांनो, कपाटाच्या वरच्या फळीवर तो लांबट पत्र्याचा डबा दिसतोय ना, तो मी. रक्तदाब मोजायचं जुनं, पाऱ्याचं यंत्र. अमक्याचा पारा चढला असं तुम्ही सहज म्हणता, माझा तर तोच धंदा होता!

तरुणपणी माझा रुबाब काय वर्णावा! मोठमोठे डॉक्टर माझ्यासमोर वाकायचे. पुढे दंडाला बांधायचा पट्टा विरला, नवं यंत्र आलं आणि माझी रवानगी अडगळीत झाली. तिथून मला एका डॉक्टरीणबाईंनी बाहेर काढलं.

या बाई संधिवाताचं खास शिक्षण घेऊन आल्या होत्या. आमच्या भागात तेव्हा असा डॉक्टर औषधालाही नव्हता. सांधे दुखले की लोक हाडांच्या डॉक्टरांकडे जात आणि एक्स-रे चांगला आला की वेदनेची गोळी घेऊन घरी परतत. रुग्णालयाने बाईंना एक खोली दिली, तीही दुपारची, कारण सकाळी तिथे प्लास्टर घालत. बाईंनी माझा पट्टा गुंडाळून, शिवून त्याची मुठीएवढी पिशवी केली. तिच्यात थोडी हवा भरायची आणि रोग्याने ती दाबायची. जितका जोर, तितका पारा वर. दंडावरून मी मुठीत आलो. आधी मला तो अपमानच वाटला, खोटं कशाला बोलू?

एका दुपारी एक सासू आणि सून आल्या. सून कपडे शिवायची, पण सकाळी तिला कात्री धरवत नव्हती.

"हिला काही झालेलं नाही हो," सासूबाई म्हणाल्या. "सकाळी कण्हते नि दुपारी मशीन चालवते. नाचता येईना अंगण वाकडं! कामाचा कंटाळा, दुसरं काय?"

सुनेने मला दाबलं. पारा बऱ्यापैकी वर गेला.

"बघा!" सासूबाई म्हणाल्या.

सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं. "आत्ता काय बघताय? सकाळी बघा ना मला. लेकराच्या शर्टाचं बटणसुद्धा लागत नाही हो माझ्याच्यानं."

बाईंनी तिचं एकेक बोट चाचपलं. सांध्यांवर हलकी सूज होती. "हा संधिवातच आहे. गोळ्या बरेच दिवस घ्याव्या लागतील. उशीर केला तर बोटं वाकडी होतात आणि मग सरळ होत नाहीत."

"या वयात संधिवात? तो म्हाताऱ्यांचा रोग! एवढी औषधं मी हिच्या पोटात जाऊ द्यायची नाही."

मला भारी राग आला. त्या पोरीची बोटं जाणार, तीही एका गैरसमजापायी! बाई मात्र शांत होत्या. म्हणाल्या, "मावशी, उद्या हिला उठल्या उठल्या घेऊन या. माझ्यासाठी एवढंच करा."

दुसऱ्या दिवशी खोलीत प्लास्टरचं काम चालू होतं, म्हणून बाईंनी मला बाहेर बाकावर मांडलं. सुनेने दोन्ही हातांनी पिशवी धरली, दातओठ खाऊन जोर लावला. पारा जागचा हलेना.

"यंत्र बिघडलंय," असं म्हणून सासूबाईंनी पिशवी स्वतःकडे घेतली आणि करकचून दाबली. मित्रांनो, पारा असा सर्रकन वर गेला की मीच दचकलो!

सासूबाई काचेकडे बघत राहिल्या. मग सुनेचे हात आपल्या हातांत घेऊन म्हणाल्या, "अगं, किती बोलले गं मी तुला." आणि बाईंकडे वळून, "लिहा गोळ्या. रोज मी देईन हिला."

गुण यायला काही महिने लागले, पण बोटं सरळ राहिली. बाईंनी भांडून सकाळची वेळ मिळवली. सासूबाई तर गल्लीतल्या बायकांना ओढून आणू लागल्या आणि वर बाईंनाच बजावू लागल्या, "ही दुपारी ठणठणीत दिसते हं, फसू नका!" हळूहळू शेजारच्या गावांतले डॉक्टर शिकायला आले. आज आसपासच्या प्रत्येक मोठ्या गावात संधिवाताचा दवाखाना आहे. जोर मोजायला नवी साधनं आली, पाऱ्याची यंत्रं वापरू नयेत असं ठरलं आणि मी फळीवर चढलो. कुणी धूळही झटकत नाही, याचं कधीकधी वाईट वाटतं.

पण माझी धूळ राहू द्या, मित्रांनो. घरात आई, ताई, काकू, कुणीही सकाळी म्हणाली की मूठ मिटत नाही, तर तिला नाटकी म्हणू नका. दुपारची वाट बघू नका. तिच्या हातात आपला हात द्या आणि म्हणा, दाब बघू. त्याला पारा लागत नाही.