नाव झाकलेला परीक्षक

धाकटीच्या नावापुढचा गोल पिवळा झाला, तो सोमवारी सकाळी पावणेअकराला. थोरलीच्या पोटात दुखायला लागलं, ते अकरा वाजता. मधली पंधरा मिनिटं पोर्टल उघडायला लागली.

दोघी जावा. एकाच घरात राहायच्या, थोरली खाली, धाकटी वर. आणि एकाच कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायच्या. थोरलीची नोकरी बावीस वर्षांची, धाकटीची अकरा. धाकटीच्या नोकरीचा अर्ज थोरलीनंच आणून दिला होता आणि ही गोष्ट ती वर्षातून दोनदा, विषय निघालेला नसतानाही, सांगत असे. धाकटी घरात तिला 'वहिनी' म्हणे, कॉलेजच्या फाटकातून आत शिरलं की 'मॅडम'. फाटकाच्या बरोबर कुठल्या फरशीवर वहिनीची मॅडम होते, हे थोरलीनं एकदा लक्ष ठेवून पाहिलं होतं. तिसऱ्या.

विभागप्रमुख या वर्षी निवृत्त होणार होते. त्यांच्या खोलीला खिडकी होती आणि खुर्चीला हात होते. एवढ्यावर बावीस वर्षं काढणाऱ्या माणसाला हसू नये. थोरली ज्या खुर्चीवर बसायची तिला हात नव्हते. एरवी ज्येष्ठतेनं ती जागा तिच्याकडेच आली असती. पण प्राचार्यांनी जानेवारीत जाहीर केलं की यापुढे वय पाहायचं नाही, पोर्टल पाहायचं.

पोर्टलचं काम असं होतं. शिक्षकानं आधी लिहायचं, की वर्षाअखेर विद्यार्थ्याला काय काय करता येईल. मग ते कुठल्या परीक्षेतल्या कुठल्या प्रश्नानं मोजलं, शंभरातल्या किती जणांना जमलं, आणि ज्यांना जमलं नाही त्यांच्यासाठी आपण काय करणार. 'समजेल' असं लिहिलं की खाली लाल रेघ यायची, कारण समजणं मोजता येत नाही असं पोर्टलचं मत होतं. त्यामुळे तीन वर्षांपासून त्या कॉलेजात कुणाला काही समजत नव्हतं. सगळ्यांना सगळं करता येत होतं.

पान कोरं असलं की नावापुढे करडा गोल, भरलं की पिवळा. मग ते पान विज्ञान शाखेतल्या दुसऱ्या कुणा शिक्षकाकडे तपासायला जाई. त्यानं 'समाधानकारक' म्हटलं की हिरवा, नाहीतर लाल. सगळ्यांचे गोल आणि टक्के सगळ्यांना दिसायचे. याला प्राचार्य पारदर्शकता म्हणत. थोरलीच्या घरी याला दुसरा शब्द होता.

"सारखं दुसऱ्याच्या ताटात काय बघतेस?" थोरल्यानं, तिच्या नवऱ्यानं, विचारलं.

"मी आकडे बघतेय. तिचे एक्याऐंशी टक्के. माझे चौसष्ट."

"मग तिची मुलं हुशार असतील."

"तुकड्या आडनावाच्या अक्षरांवरून पाडतात. अर्ध्या वर्णमालेला अक्कल आणि अर्धीला नाही, असं असतं का कुठे?"

थोरला विमा कंपनीत होता. कुठला दावा लढवायचा नाही, हे त्याला कळत असे. तो पेपरामागे गेला.

आणि मग देव पावला. निदान तेव्हा तिला तसं वाटलं. बुधवारी थोरलीच्या पोर्टलवर तपासायला एक पान आलं. शिक्षकाचं नाव झाकलेलं. फक्त विषय, वर्ग आणि तुकडी ठळक अक्षरांत होती: रसायनशास्त्र प्रात्यक्षिक, दुसरं वर्ष, तुकडी 'ब'. ती तुकडी जगात एकच बाई शिकवायची आणि ती आत्ता समोरच्या टेबलावर डबा उघडत होती.

"मॅडम, काही खाणार?"

"नको. काम आहे."

थोरली तासिका संपल्यावर कॉम्प्युटरच्या खोलीत जाऊन बसली, चष्मा पुसला, आणि वाचायला लागली. वाचताना वाक्यं कुठेतरी पाहिल्यासारखी वाटत होती. म्हणजे उचललेली! तिनं पहिला शेरा टाकला: 'मजकूर स्वतंत्र वाटत नाही.' पुढे लिहिलं, 'उद्दिष्टे मोघम.' त्याच्यापुढे, 'मूल्यमापनाची पद्धत जुनाट.' बोटं एकदा सैल झाल्यावर ती थांबेनात. 'लेखकाचा प्रयोगशाळेशी फारसा संबंध नसावा' हे लिहिताना तर तिला बारा तासांच्या डोकेदुखीनंतर गोळी लागू पडावी तसं वाटलं.

अडली ती एका वाक्यापाशी. 'उत्तर चुकल्यास, चूक कोणत्या पायरीवर झाली हे विद्यार्थ्याला स्वतः शोधून दाखवता येईल.'

वाक्य चांगलं होतं. प्रयोग फसला की मुलं शेजाऱ्याच्या वहीतून आकडा उतरवतात. तो का फसला हे कुणी शोधत नाही. हे आपल्याला का सुचलं नाही? आणि हिला, अकरा वर्षांच्या नोकरीत, सुचावं? थोरली ते वाक्य तीनदा वाचून मनातल्या मनात जळली आणि त्याच्यापुढे लिहिलं: 'अव्यवहार्य.' मग 'असमाधानकारक' दाबलं.

शुक्रवारी प्राचार्यांनी रसायनशास्त्र विभागाला बोलावलं. निवृत्त होणारे प्रमुख रजेवर होते, म्हणून दोघी जावा आणि दाढीवाले सर. दाढीवाले सर अठरा वर्षं विभागात होते. त्यांचा गोल पहिल्या दिवसापासून करडा होता, कारण त्यांनी पासवर्डच घेतला नव्हता.

"परीक्षक कोण ते मलाही दिसत नाही," प्राचार्य म्हणाले, "पण माणूस कडक आहे." आणि त्यांनी शेरे वाचून दाखवले. सगळे. 'प्रयोगशाळेशी संबंध नसावा' इथे दाढीवाल्यांनी खोकून घेतलं.

थोरली धाकटीच्या चेहऱ्याकडे बघत होती. तिथे काहीच होईना.

"सर, एक सांगू का?" धाकटी म्हणाली. "हे पान माझं नाहीच खरं तर. तीन वर्षांपूर्वी हा विषय मॅडम शिकवायच्या. त्यांचं पान मी 'मागील प्रत' बटण दाबून जसंच्या तसं घेतलं. आकडे फक्त माझे. त्यांचं लिहिलेलं चांगलं असतं, मी कशाला त्यात हात घालू?"



थोरलीला आठवलं. तीन वर्षांपूर्वी, पोर्टल नवं असताना, एका बैठकीत बसून तिनं ते पान लिहून काढलं होतं. लिहिल्यावर परत वाचलं नव्हतं. त्या कॉलेजात पोर्टलवरचं लिखाण कुणी वाचत नसे, आणि लिहिणारा तर मुळीच नाही. गेले दोन दिवस आपण ज्या वाक्यावर जळत होतो ते आपलंच, हे कळल्यावर माणसाला आनंद व्हायला हवा. थोरलीला तेवढी सवड मिळाली नाही.

"म्हणजे मूळ लेखिका तुम्ही," प्राचार्य तिला म्हणाले. "मग उत्तरही तुम्हीच द्या. पोर्टलवर मूळ पान आणि त्याची प्रत जोडलेली असतात. एक लाल राहिलं तर दुसरंही लाल होतं. सात दिवस आहेत. उत्तर परत त्याच परीक्षकाकडे जाईल, त्याचं समाधान झालं की दोघींचे गोल हिरवे."

"आणि नाही झालं तर?" दाढीवाल्यांनी विचारलं.

"परीक्षकाचा निर्णय अंतिम."

बाहेर आल्यावर धाकटी म्हणाली, "कोण मेला असेल हो, मॅडम? एवढं तोडून लिहायचं म्हणजे काहीतरी जुनं वैर हवं."

"असेल कुणीतरी," थोरली म्हणाली.

शनिवारी दुपारी कॉलेज रिकामं असताना थोरलीनं उत्तर लिहिलं. सुरुवातीला दोन ओळींत उरकायचं म्हणून बसली. पण परीक्षकाचे शेरे पुन्हा वाचले आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला. कोण हा शहाणा? बावीस वर्षं आम्लात हात जाळून घेतले, आणि हा म्हणतो प्रयोगशाळेशी संबंध नसावा! तिनं दीड पान लिहिलं. कुठल्या प्रयोगात मुलं कुठे चुकतात, रंग बदलायच्या आधीच नळी बंद करणारी मुलं कशी ओळखायची, चुकलेला आकडा लपवणाऱ्यापेक्षा तो का चुकला हे सांगणाऱ्याला जास्त गुण का द्यायचे. इतकं खरं तिनं पोर्टलवर कधीच लिहिलं नव्हतं. पाठवलं.

लगेच टिंग झालं. 'आपल्याकडे एक उत्तर तपासणीसाठी आले आहे.'

तिनं ते परीक्षक म्हणून वाचलं आणि तिचं पूर्ण समाधान झालं. तक्रारीला जागाच नव्हती. खाली दोन बटणं होती. 'समाधानकारक' दाबलं की तिचा गोल हिरवा. पण धाकटीचाही. मग दोघींचे गोल सारखे, आणि पुढे आकडे: एक्याऐंशी आणि चौसष्ट. हात असलेल्या त्या खुर्चीत तिला धाकटी बसलेली दिसली. घरी सासूबाई पाहुण्यांना सांगताना दिसल्या, आमची धाकटी प्रमुख झाली, थोरलीही तिच्या हाताखालीच असते. तिसऱ्या फरशीवर 'मॅडम' म्हणायची पाळी आता कुणावर येणार, तेही दिसलं.

दुसऱ्याला अपशकुन करायला स्वतःचं नाक कापणारी माणसं गोष्टीतच असतात, असं थोरली वर्गात सांगत असे. तिनं 'असमाधानकारक' दाबलं. कारण लिहिणं सक्तीचं होतं, म्हणून लिहिलं: 'उत्तर भावनेच्या भरात दिलेले वाटते.'

सोमवारी विभागाच्या यादीत दोन लाल गोल आणि एक करडा होता. ज्यांच्या नावावर एकही आक्षेप नाही असे एकमेव शिक्षक म्हणून प्राचार्यांनी दाढीवाल्या सरांना प्रमुख नेमलं. त्यांना पोर्टलचा पासवर्ड मिळायला आणखी आठवडा लागणार होता.

परतीच्या बसमध्ये दोघींना शेजारी जागा मिळाली.

"तुम्हाला फार लागलं असेल, वहिनी," धाकटी म्हणाली. "जागा तुमचीच होती."

"तुझीही होऊ शकली असती."

"माझी कशी? मी प्राचार्यांना महिन्यापूर्वीच लिहून दिलं होतं, माझं नाव धरू नका म्हणून. तुम्ही असताना मी त्या खुर्चीत बसायचं, बरं दिसतं का? तुमचं पान हिरवं झालं की तुमची ऑर्डर काढायची, एवढंच राहिलं होतं."

थोरलीनं पुढच्या सीटची दांडी धरली. "मला का नाही बोललीस?"

"मीच सरांना म्हटलं, कुणाला सांगू नका." धाकटी जरा घुटमळली. "तुम्हाला वाटलं असतं, मी उपकार करतेय. मग तुम्ही ती जागा घेतलीच नसती."

हे खरं होतं. तेवढ्यानं थोरलीला आणखी राग आला. त्या कॉलेजात एखाद्या माणसाचं मूल्यमापन अचूक कुणी केलं असेल, तर ते धाकटीनं. आणि पोर्टलवर त्यासाठी रकानासुद्धा नव्हता.

"त्या परीक्षकाला मात्र देव बघून घेईल," असं म्हणून धाकटीनं पर्स पोटाशी धरली, डोकं थोरलीच्या खांद्यावर टेकलं आणि दोन थांब्यांच्या आत गाढ झोपली. बस खड्ड्यातून गेली तरी तिचे डोळे उघडले नाहीत.

थोरली तिच्याकडे बघत बसली. आपल्याला औषध घेऊनही तासन्तास डोळा लागत नाही, आणि ही बसल्या जागी, दुसऱ्याच्या खांद्यावर, एवढी शांत झोपते. कशी काय?