गाळलेले एकतीस

"काका, एकतीस माणसांनी काय आभाळ कोसळतंय?" संपादकबाई दारातूनच कडाडल्या. "छापखाना दुपारी फाइल मागतोय."

काका जागचे हलले नाहीत. लोक फुरसत कशी घालवतात, यावरच्या संशोधनाला वाहिलेल्या त्या त्रैमासिकात ते बावीस वर्षे आकडे तपासत होते. काका शिंकले तरी दोन दशांश स्थळांपर्यंत शिंकतात, असे ऑफिसात म्हणत.

"प्रश्नावली भरली दोनशे चाळीस जणांनी, सगळे एकटे राहणारे म्हातारे. तक्त्यात दोनशे नऊच. बाकीचे काय हवेत विरघळले? लेखिकेला फोन लावा."

बाईंनी कपाळाला हात लावला आणि फोन लावून काकांच्या हातात दिला. पलीकडून लेखिका म्हणाली, "सर, त्या एकतीस जणांनी 'फुरसत कोणासोबत घालवता' हा प्रश्न कोराच सोडला. म्हणून ते गाळले. सगळेच गाळतात."

"गाळा, पण तसं लिहा तरी! म्हाताऱ्यांचे रोज सरासरी दोन तास सोबतीत जातात म्हणे. असल्यांना वगळल्यावर जाणारच की!"

"पण 'कोणीही नाही' असा पर्याय होता, सर. त्यांनी त्यावरही खूण केली नाही. का, ते मला कसं कळणार?"

काकांना ते पक्के ठाऊक होते. बायको जाऊन तीन वर्षे झाली होती. दवाखान्याच्या कागदावर 'सोबत कोण' असे विचारले होते, तेव्हा त्यांनी पेन उघडले, टेबलावर ठेवले आणि कागद तसाच परत केला होता. त्या एकतीस जणांविषयी त्यांना एकदम माया दाटून आली.

"हात उचलत नाही हो," ते पुटपुटले.

"काय म्हणालात?"

"काही नाही. एवढंच लिहा: एकतीस जणांनी उत्तर दिलं नाही, त्यांना सरासरीत धरलेलं नाही. निष्कर्षातही लिहा, नुसतं तळटिपेत नको."

"सरासरी लंगडी पडेल, सर."

"पडू दे. माणसं तरी राहतील."

मग लेखिका म्हणाली, "बरं, घालते."

फाइल वेळेत गेली. बाईंचा राग निवळला होता. पर्स खांद्याला लावून त्या काकांच्या टेबलाशी थांबल्या.

"उद्या सुट्टी. काय बेत, काका? कोण येणार आहे का घरी?"

काकांनी पुढचा लेख ओढून घेतला आणि पहिल्या तक्त्याची बेरीज सुरू केली. बाई जराशा थांबल्या, मग दार हळूच लोटून गेल्या.