फ्रीडरूनची खिडकी

उठल्यावर फ्रीडरूनने आधी दारापुढचे बर्फ फावड्याने सारले, पायरीवर पाय घसरू नये म्हणून बारीक खडी पसरली आणि मग कॉफी ठेवून पाव कापायला घेतला. तेवढ्यात रस्त्यापलीकडच्या घराची खिडकी उघडली. आपल्याला थंडी वाजत नाही असे दाखवत आईने विचारले, बाजाराला निघायचे ना?

नाताळच्या बाजाराचा तो पहिला शनिवार होता. त्या दिवशी मायलेकींनी मिळून जायचे, हा नेम फ्रीडरूनला आजवर मोडता आलेला नव्हता.

खाणींच्या त्या डोंगरी गावात नाताळ जवळ आला की खिडक्यांत लाकडी बाहुल्या उभ्या राहत. घरात जितके मुलगे तितके खाणकामगार, जितक्या मुली तितके देवदूत, आणि सगळ्यांच्या हातांत मेणबत्त्या. आईच्या, म्हणजे इर्मट्राउडबाईंच्या, खिडकीत एकच देवदूत होता, फ्रीडरूनचा. समोरची फ्रीडरूनची खिडकी मात्र रिकामी असे. ती एक्केचाळीस वर्षांची होती, शाळेत गणित शिकवीत होती, एकटी राहत होती आणि त्याबद्दल तिची काही तक्रार नव्हती. तक्रार आईची होती.

बाजारात गरम वाइन आणि भाजलेल्या बदामांच्या वासातून वाट काढत आई थेट लाकडी बाहुल्या विकणाऱ्या वायगेल्टांच्या स्टॉलपाशी थांबली. दरवर्षी ती तिथे एक देवदूत उचलून पाही आणि मागच्या रांगेला ऐकू जाईल असा सुस्कारा टाकून खाली ठेवी. यंदा तिने तो खाली ठेवला नाही. बांधून द्या म्हणाली.

इतक्या वर्षांच्या सुस्काऱ्यांचे साक्षीदार असलेले वायगेल्ट हरखून गेले.

"काय गं पोरी, पत्ता लागू दिला नाहीस. कितवा महिना?"

रांगेतल्या दोघीजणी पुढे सरकल्या. एकीने फ्रीडरूनच्या जाड कोटाकडे, नेमके पोटाकडे पाहून घेतले. तसे काही नाही, असे फ्रीडरूनने दोनदा सांगितले; पण ते लाजणे समजून सगळे हसले. आई शांतपणे बदाम चघळत राहिली.

"तू का नाही सांगितलंस त्यांना?" परतताना फ्रीडरूनने विचारले.

"घटकाभर छान वाटत होतं गं."

"सोमवारी शाळेत सगळे मला खुर्ची आणून देतील, आई."

"मग बस की. नाही तरी दिवसभर उभीच असतेस."

फ्रीडरून तडतडत पुढे निघाली. चढावर आई मागे राहिली, तेव्हा नाइलाजाने थांबली. आई धापा टाकत जवळ आली आणि तिने पुडके लेकीच्या हातात दिले.

"नातवंडाचं सोडलंय मी. पण मी गेले की तुझा देवदूत माळ्यावर जाणार. मग इथं तू राहतेस हे कुणाला कळणार?"

फ्रीडरूनने पुडके काखेत धरले आणि ती आईच्या चालीने चालू लागली. हे बोलायला आईला अख्खा बाजार गोळा करावा लागला, याचा राग मात्र उतरला नाही.

अंधार पडू लागला तशी तिने खिडकीतल्या वह्या उचलल्या, फळी पुसली आणि देवदूत मधोमध ठेवला. आपल्या घरात आपलाच देवदूत, असे तिने ठरवले होते. तिने दोन्ही मेणबत्त्या लावल्या.

खालून जाणारी शेजारीण थबकली आणि तिने तोंडभर हसून अभिनंदनाचा हात हलवला. फ्रीडरूनने दात-ओठ खाल्ले, पण देवदूत हलवला नाही.