गुलनूरशाही गादीचा पहिला नंबर

शेलूबाजारच्या चौकात मुबश्शिरच्या गादीच्या दुकानापुढे ही गर्दी लोटली होती! जीपवाल्यांनी सवारी तशीच ताटकळत ठेवली होती. गल्ल्यावर लॅपटॉप, लॅपटॉपवर लिंबू आणि लोबानाच्या धुरात डोळे मिटून बसलेले सर्चसिद्ध बाबूसिंग महाराज.

"भक्तहो, गूगल म्हणजे वरचा दरबार! तिथे तुमची फाईल पुढे सरकवणारा एकच!" महाराजांनी स्वतःच्याच छातीवर हात ठेवला. "आता आपापल्या मोबाइलवर टाका, गुलनूरशाही गादीसिद्धी!"

सगळ्यांनी टाकलं. ज्याच्या त्याच्या मोबाइलवर मुबश्शिरचीच नवी वेबसाइट पहिली! लोकांनी तोंडात बोटं घातली. एका म्हाताऱ्याने तर मोबाइल कपाळाला लावला.

मागे उभ्या परवेजच्या अंगाची लाही लाही होत होती. मुबश्शिर त्याचा सख्खा थोरला भाऊ. वडील गेल्यावर दोघांनी समोरासमोर दुकानं थाटली. कापूस परवेजचा निवडक, टाके परवेजचे बारीक आणि पहिला नंबर कुणाचा? मुबश्शिरचा! त्याला घास गोड लागेना. आज तो ठरवूनच आला होता. दक्षिणा म्हणून द्यायचं स्वतःचं कापूस पिंजण्याचं यंत्र टेम्पोत चढवून झालं होतं. ते गेलं की ऐन लग्नसराईत हातावर हात ठेवून बसायचं, हे त्याला कळत होतं. पण भावाचा नंबर त्याला बघवत नव्हता.

तो महाराजांच्या कानाशी लागला. "मलेबी पह्यला नंबर पाह्यजे. अन् भाईचा बांधून टाका. शेवटच्या पानावर फेका त्याले."

"काम जड आहे," महाराज टेम्पोकडे बघत म्हणाले. "पण होईल. आजपासून तुझं दुकान झुमरतख्त गादीपीठ!"

तेवढ्यात एक बाई गर्दीतून पुढे झाल्या. या मंगरूळपीरच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या स्नेहा मॅडम. बहिणीच्या लग्नासाठी गाद्या बघायला आल्या होत्या.

"महाराज, म्या घरून 'कापसाची गादी, वाशिम जिल्हा' असं शोधलं. हे साइट काहून नाही दिसली?"

"श्रद्धा कमी पडली."

"मंग आता तुमच्या श्रद्धेनं शोधा. इथंच, सगळ्याइसमोर."

महाराजांना नेमकी खोकल्याची उबळ आली. मग लोकांनीच शोधलं. पानांवर पानं सरकवली, मुबश्शिरचा पत्ता नाही. परवेजच्या मनात अगदी उकळ्या फुटल्या.

"मुबश्शिरभाऊ, हे नाव कोनं ठेवलं?" मॅडमनी विचारलं.

"महाराजानंच देल्लं."

"तिथंच तर मेख हाये! असं नाव जगात दुसऱ्या कोनाचंच नाही. मंग ते टाकल्यावर तुमीच दिसान, दुसरं कोन दिसन? बकरीले असं नाव देऊन साइट काढा, तेबी पह्यलीच येईन. पन गिऱ्हाइकाले हे नाव ठाऊक हाये का? तो तं गादी शोधन."

त्यांनी वेबसाइट उघडून दाखवली. लुकलुकणारा चांदतारा आणि महाराजांचा फोटो. गादीचा एक शब्द नाही!

"तुमी काय बनवता, कोन्या गावात, फोन नंबर काय, हे साध्या शब्दात लिवा. गादीचे फोटो टाका, खाली माहिती लिवा. गिऱ्हाईक जे इचारते त्याचं उत्तर द्या. नव्या साइटले वर याले येळ लागते. पह्यल्या नंबराची ग्यारंटी देनारा तुमाले फसवून राह्यला."

मुबश्शिर मटकन खाली बसला. "अरे, माह्यं यंत्र त्यानं आधीच नेलं ना!"

महाराज लिंबू तिथेच टाकून टेम्पोकडे सटकत होते. लोकांनी त्यांना धरलं आणि यंत्र आणून दिल्याशिवाय गाव सोडू देणार नाही, असं बजावलं. परवेज मात्र भावाकडे बघत राहिला. ज्या नंबरावर आपण एवढे जळलो, तो एकाही गिऱ्हाइकाला दिसलेला नव्हता. त्याला स्वतःचीच लाज वाटली. त्याने टेम्पोवरची दोरी सोडली.

"भाई, तोवर तुहा कापूस माह्या यंत्रावर आन. पिंजून देतो," तो म्हणाला. पण आतली आग पुरती विझली नव्हती. "मातर टाके माह्येच बारीक हायेत, हे मी साइटवर लिवनार."

"लिव ना," मुबश्शिर म्हणाला. "खरंच हाये ते."

परवेजने टेम्पोतल्या यंत्राचं एक टोक भावाच्या हातात दिलं.

मंडळी, उद्या तुमच्याही गावात कुणी असा चमत्कार दाखवील. हात जोडण्याआधी एवढंच करा. त्याने सांगितलेला शब्द बाजूला ठेवा आणि तुमचा स्वतःचा शब्द टाकून बघा.