रविवारच्या बसचा अर्ज

फोस्कानं हातातल्या पिशवीचा कोपरा पुढच्या बाईच्या पाठीत टोचला.

"सरक की पुढे. फोटो काढायला उभी आहेस का?"

बाई एक पायरी वर सरकली. प्रासादाच्या दगडी जिन्यावर अर्जदारांची रांग लागली होती, आणि रांगेतला निम्मा गाव फोस्काच्या ओळखीचा होता. ऑक्टोबरच्या एक तारखेला दोन नवे राज्यप्रमुख शपथ घेतात आणि त्यानंतरच्या रविवारी कुणीही यावं, आपला अर्ज त्यांच्या हातात द्यावा, ही इथली जुनी रीत. डोंगरावरचं हे प्रजासत्ताक एवढंसं, की राज्यप्रमुख म्हणजे कालपर्यंत कुणाचा तरी दंतवैद्य नाहीतर कुणाचा तरी जावई असतो. सहा महिने त्याला महामहिम म्हणायचं, मग पुन्हा नावानं हाक मारायला सगळे मोकळे.

या खेपेला दोघांपैकी एक होता लोरिस, फोस्काच्या थोरल्या बहिणीचा मुलगा.

फोस्काचा अर्ज साधा होता. वृद्धाश्रमापर्यंत रविवारीही बस सोडावी. याआधी दोनदा तिनं तो दिला होता. पहिल्यांदा उत्तर आलं, की प्रवासी पुरेसे नाहीत. दुसऱ्यांदा अर्ज चक्क मंजूर झाला, लोकांनी तिचं अभिनंदन केलं, आणि बस काही आली नाही. मांडीचं हाड मोडल्यापासून तिची ही थोरली बहीण नीवेस तिकडे पलीकडच्या उतारावर आश्रमात होती. आठवडाभर फोस्का लेकीची पोरं सांभाळायची, मोकळा मिळायचा तो रविवार. तिला गाडी चालवता येत नव्हती. माणसांपेक्षा गाड्या जास्त असलेल्या या देशात बस नसल्याचं दुःख सांगायचं तरी कुणाला? शेजारचा इव्हानो कधीमधी सोडायचा, पण जाता-येता आपल्या गुडघ्यांची सगळी कहाणी ऐकवायचा आणि वर उपकार केल्यासारखा चेहरा करायचा. फोस्काला त्याचा वीट आला होता.

तिचा नंबर आला. काळ्या मखमली पोशाखात, गळ्यात जड साखळी घालून लोरिस उभा होता. शेजारी दुसऱ्या राज्यप्रमुख बाई.

"महामहिम," फोस्का म्हणाली.

लोरिसनं दोन्ही हात पुढे करून कागद घेतला, मान लववली.

"आपल्या अर्जाचा यथोचित विचार केला जाईल." मग जरा पुढे झुकून त्यानं आवाज खाली आणला. "मावशी, एवढ्यासाठी जिने कशाला चढलीस? मला फोन करायचास. मी सोडलं असतं गाडीनं."

"तू?" फोस्कानं आवाज मुळीच खाली आणला नाही. "ईस्टरपासून तुझी आई दाराकडे डोळे लावून बसलीय. तुझ्या गाडीला तिकडचा रस्ता सापडेना, म्हणून तर मी बस मागतेय."

राज्यप्रमुख बाई छताकडे बघू लागल्या. दारातला सेवक खाकरला. लोरिसचे कान लाल झाले, पण गळ्यात साखळी असताना माणसाला मावशीशी भांडता येत नाही.

"पुढचे," सेवक म्हणाला.

बाहेर चौकात वारा सुटला होता. खाली दूरवर रिमिनीचा समुद्र दिसत होता. बोलून टाकल्यावर हलकं वाटेल असं फोस्काला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. उलट चारचौघांत पोराची शोभा केली, आणि नीवेसच्या पदरात काय पडलं, या विचारानं ती आणखीच चिडली. घरी जाईपर्यंत ती स्वतःशी पुटपुटत होती.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी तिनं नाइलाजानं इव्हानोचं दार वाजवलं आणि त्याचे गुडघे ऐकत आश्रम गाठला. तिथली परिचारिका दारातच भेटली.

"काल महामहिम येऊन गेले! दोघंही! फोटो, भाषण, सगळ्यांना मिठाई." मग तिचा चेहरा उतरला. "पण काय सांगू, नीवेसबाईंनी मुलाला ओळखलंच नाही हो. सारख्या महामहिम, महामहिम म्हणत होत्या. काठी धरून उठायला बघत होत्या. आम्हाला कसंतरीच झालं."

फोस्का तशीच भराभर आत गेली. हाड मोडलं तेवढं पुरे नव्हतं का?

नीवेस खिडकीशी बसली होती. फोस्कानं कपड्यात गुंडाळून आणलेली पियादिना, तव्यावरची पातळ भाकरी, तिच्या मांडीवर उलगडली. अजून गरम होती. नीवेसनं ती दुमडून मोठा घास घेतला.

"काल कोण आलं होतं गं?" फोस्कानं लहान मुलाला विचारावं तसं विचारलं.

"महामहिम आले होते. मीही एक अर्ज दिला. तोंडी."

"काय म्हणालीस?"

"म्हटलं, महामहिम, माझा मुलगा येत नाही. त्याची काहीतरी अडचण असणार. रविवारची बस सुरू करा, म्हणजे बिचाऱ्याला आईकडे येता येईल."

फोस्कानं तिचा हात हातात घेतला. "नीवेस, अगं, तो लोरिसच होता."

नीवेसनं हात सोडवून घेतला.

"मग, मला दिसत नाही? हाड मोडलंय ते मांडीचं, डोक्याचं नाही. साखळी वाकडी लटकत होती मेल्याची. डावा खांदा पहिल्यापासूनच उतरता त्याचा."

"मग त्याला नावानं हाक का नाही मारलीस?"

नीवेस सावकाश चावत राहिली. खाली इव्हानोनं घाई असल्यासारखा हॉर्न वाजवला.

"लोरिसला सांगून झालं होतं," ती म्हणाली. "कितीदा तरी. म्हटलं, आता सरकारला सांगून बघू."

फोस्कानं खिडकीतून इव्हानोला थांबायची खूण केली.

"मग काय म्हणाला?"

नीवेसनं मांडीवरचे तुकडे एकेक करून वेचले.

"काय म्हणणार? दोन्ही हात पुढे केले, मान लववली, आणि म्हणाला, आपल्या अर्जाचा यथोचित विचार केला जाईल."