पितळेच्या आतली रेघ

टण्ण — सिंकच्या काठावरून काडतुसाची रिकामी पुंगळी आत घरंगळली आणि सकाळपासून जपून धरलेली घरातली शांतता तडकली. टेगनने श्वास रोखला. आतल्या खोलीत पाळण्यात काहीतरी हललं... मग पुन्हा तोच ओलसर, संथ श्वास. बाळ निजलेलंच होतं. तिने पुंगळी पाण्यातून उचलून पुसली आणि उगाचच क्षणभर तळहातावर धरली — करंगळीएवढी लांब, मानेशी निमुळती, बुडाशी जाड, वर्षानुवर्षांच्या हाताळणीने मधाच्या रंगाची झालेली. बुडावर गोल फिरलेली झिजकी अक्षरं, आणि त्यांच्यात एक साल. त्रेचाळीस.

"ऐकलास आवाज?" टेबलापाशी बसलेला क्लेम म्हणाला. "खणखणीत. चिरली असती तर बद्द वाजली असती."

"बाळ उठलं असतं ना बाबा, तर तुलाच वाजवलं असतं मी. खणखणीत."

तो हसला. चहाचा मग दोन्ही हातांनी धरायची त्याला आता सवय झाली होती. मागल्या हिवाळ्यातल्या औषधांनी आजार गेला, पण जाताना बोटांची टोकं बधिर करून गेला. शर्टाची बटणंसुद्धा तो आता आरशात बघून लावायचा. म्हणून तर आज पुंगळ्या आतून तपासायची तार तिच्या हातात होती.

त्रेचाळीस हे क्लेमचंही जन्मसाल. युद्धाच्या दिवसांत कॅनडातून बोटीने आलेली ही काडतुसं. कोणी कोणी ती उडवली कोण जाणे, पण क्लेम विशीत असताना गावाबाहेरच्या नेमबाजीच्या मैदानावर त्यांच्या रिकाम्या पुंगळ्या इतर पुंगळ्यांत मिसळून गवतात पडलेल्या असायच्या. तो पिठाच्या पोत्यातून घरी आणायचा. बहुतेकींना आत, तळाशी, दोन बारीक भोकं — त्यांची वापरलेली टोपी, म्हणजे बुडातली ठिणगी पाडणारी वाटी, सहजी निघत नाही, त्या बादलीत. मधोमध एकच भोक असलेली मिळाली की मात्र जुनी टोपी ढकलून काढायची, नवी बसवायची, दारू भरायची, वर गोळी. पुंगळी पुन्हा कामाला. त्याच्या रायफलीत उडून उडून त्या तिच्याच मापाच्या झाल्या होत्या, दुसऱ्या कुठल्या रायफलीत घातल्या असत्या तर मागचा बोल्ट बंद झाला नसता.

आता बारा उरल्या होत्या. रविवारी क्लबात जुन्या लष्करी रायफलींची स्पर्धा — दोन गोळ्या अंदाजाच्या, दहा मोजायच्या. क्लेमने परवाच जाहीर केलं होतं, "बारा भरल्या तर जाईन. नाही भरल्या तर रायफल दुकानदाराला देऊन टाकायची. नवं पितळ घेऊन काय करू या वयात? ते मला पुरून उरेल." आणि हसला होता. ती हसली नव्हती.

तिने पहिली पुंगळी घेतली. तार म्हणजे सरळ केलेली, कागदांना लावायची पिन, टोकाशी वाकवून घासून धारदार केलेली. ती आत तळापर्यंत घालायची, भिंतीला टेकवायची आणि हळूच वर ओढायची. दर वेळी गोळी उडाली की पितळ जरासं ताणतं, बुडाच्या थोडं वर आतून पातळ होत जातं. बाहेरून बघावं तर तीच झळाळी. मग एक दिवस तिथेच दोन तुकडे, आणि आग मागे, तोंडावर. आत रेघ पडायला लागली असेल तर टोक अडखळतं. इतकंच. पण ते अडखळणं...

टेबलाखाली तिची मोठी मुलगी मार्नी टॉर्च घेऊन बादलीतल्या पुंगळ्यांमध्ये डोकावत होती. "दोन डोळे. दोन डोळे. ही पण दोन डोळे."

"एक डोळा सापडला तर आइस्क्रीम," क्लेम म्हणाला.

"पॉप, तू कालपण असंच म्हणालास."

एक, गुळगुळीत. दोन, गुळगुळीत. खिडकीतून ऊन टेबलावर येत होतं, बाहेर छपरावर गुलाबी काकाकुवे भांडत होते, आणि टेगनला वाटलं, किती दिवसांनी मी एखादं काम सलग करतेय — कुणी ओढत नाहीये, कुणी रडत नाहीये, नुसती बोटं आणि बोटांना जे कळतंय ते. मंगळवारी बाळाच्या हिरडीवरून अशीच करंगळी फिरवताना दात लागला होता. नवऱ्याने, लॅक्लनने, दिवा धरून बघितलं, म्हणाला, काही नाही ग, तुझी झोप झालेली नाही. आज सकाळी पांढरा कण वर आला. तेव्हा बोटांना कळतं. झोप झालेली नसली तरी कळतं...

सातव्या पुंगळीत टोक अडखळलं.

तिने पुन्हा ओढलं. काही नाही. पुंगळी जराशी फिरवून पुन्हा — आणि हो, तिथेच, नखाने कुणी आतून हलकेच ओरखडल्यासारखं. की माझ्याच हाताचा कंप? क्लेम बघत नव्हता. मगातल्या वाफेकडे बघत होता. रेघ नाही म्हटलं तर पुऱ्या बारा. बारा म्हणजे रविवार, आणि पहाटेपासून घोटून ठेवलेली दाढी, आणि संध्याकाळी फोनवर तासभर वाऱ्याला शिव्या. नाही म्हणणं किती सोपं होतं. त्याला स्वतःला तपासता येणार नव्हतं. माझ्याच शब्दावर तो गाल रायफलीला टेकवणार होता.

आणि तेव्हाही तिच्याच शब्दावर... नऊ वर्षांची होती. हेच टेबल, पत्र्याखाली तापलेली दुपार, आणि क्लेम तिच्या बोटांवर आपला अंगठा ठेवून, "दाबू नको, ऐक." तिला तळ्यावर पोहायला जायचं होतं आणि पुंगळ्या संपत नव्हत्या. ती म्हणाली होती, "आहे, रेघ आहे." नव्हती. त्याने एक शब्द न विचारता पक्कड घेऊन ती चांगली पुंगळी चेपली, म्हणाला, झालं आजचं, चल. ते पाणी किती गार होतं. आणि तिच्या पोटात मात्र तो चेपलेला तुकडा, कितीतरी वर्षं.

"बाबा," ती म्हणाली. "हिच्यात आहे."

क्लेमने मग खाली ठेवला. तिच्याकडे बघितलं, मग पुंगळीकडे.

"का ग? आज परत तळ्यावर जायचंय?"

तिने तार खाली ठेवली. कान गरम झाले, नऊ वर्षांच्या पोरीचे.

"कळलं होतं तुला?"

"दुसऱ्या दिवशी उभी कापून बघितली. आतून आरसा होता नुसता."

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलणार? उकडत होतं. पोहायचं मलाही होतं." त्याने पक्कड तिच्याकडे सरकवली. "घे. तूच चेप. माझ्या हातून निसटते हल्ली."

पितळ दबलं तेव्हा फारसा आवाज झाला नाही. आत बाळ निजलेलंच. बाकीच्या पाच गुळगुळीत निघाल्या. क्लेमने अकराही पुंगळ्या खिडकीच्या कट्ट्यावर उन्हात ओळीने उभ्या केल्या, एकेक, नजरेने माप घेत, आणि मागे सरून ओळ बघितली. रविवारचं काय, ते अजून ठरलं नव्हतं. नवल म्हणजे तिला ते विचारायची घाईही वाटेना. पोटात काही हलकं झालं होतं आणि त्या रिकाम्या जागेत नुसतं ऊन येत होतं.

मार्नी टेबलाखालून निघाली. तिने चेपलेली पुंगळी उचलली, तार उचलली, तारेचं टोक आपल्या बोटावर टोचून बघितलं. मग क्लेमचा हात उलटा करून त्याच्याही बोटावर टोचलं. तो नुसता हसला.

"आई, पॉपच्या बोटांना आधी कळायचं ना?"

"हो. सगळं कळायचं."

"मग ते कळणं आता कुठे गेलं?"