दोन मात्रांची जागा

चष्म्याच्या दुकानात भिंगं बसवणाऱ्या छोटीला पियानो येतो, याचा दुकानात कुणाला पत्ता नव्हता. छोटी म्हणजे आता चांगली पन्नाशीची बाई, पण वडिलांनी पाडलेलं नाव काही सुटलं नाही. वडील हॉटेलात जॅझ वाजवायचे. संध्याकाळी ते कामावर जात, म्हणून तिच्या सरावासाठी त्यांनी एक कॅसेट भरून ठेवली होती. तिच्यात फक्त त्यांचा डावा हात. "डावा माझा, उजवा तुझा," ते म्हणायचे, "आणि उजव्याने रोज नवीन काहीतरी बोलायचं. कालचं शिळं चालणार नाही."

शिकवण्याची तऱ्हा म्हणाल तर जगावेगळी. पहिला महिनाभर पियानोला हात लावायचा नाही. नुसत्या टाळ्या वाजवायच्या, त्याही दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. टाळी पहिलीवर पडली की बाबा कपाळावर हात मारत. मग आठवडाभर एकच सूर. लय बदलत बदलत त्या एकट्या सुरातून गोष्ट सांगायची. स्वयंपाकघरातून आई विचारायची, "आज पण तोच सूर शिजतोय का?" त्यानंतर कॉर्डमधले, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांतले, दोन सूर, मग तीन. छोटीला रडू फुटायचं आणि बाबा मिशीत हसायचे. किती सुखाचे दिवस होते ते!

बाबांना जाऊन तीस वर्षं झाली. छोटी त्या कॅसेटबरोबर वाजवत राहिली, पण घराबाहेर कधीच नाही. आणि एक दिवस बाबांच्या बँडमधले बासवाले काका दुकानात चष्मा न्यायला आले. त्यांचा पियानोवाला अचानक सोडून गेला होता, आणि बाबांनी छोटीला शिकवलेलं त्यांना ठाऊक होतं.

"रविवारी दुपारी हॉटेलात वाजवायचंय. बाबांच्या जागेवर बसशील?"

छोटीने हातातलं भिंग जपून खाली ठेवलं आणि हो म्हटलं. ती जागा तिला लहानपणापासून हवी होती.

तालमीला ड्रमवाले काका होते. माणूस ऐंशीच्या घरातला, पण लयीचा इतका पक्का की सगळे त्यांना घड्याळकाका म्हणत. बाबांची आवडती चाल सुरू झाली. छोटीची बोटं मजेत बोलत होती, पण मधला भाग संपून मुखड्यावर परत येताना ती मागे पडली. पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. चौथ्या वेळी घड्याळकाकांनी काठ्या खाली ठेवल्या.

"या जास्तीच्या दोन मात्रा कुठून आणल्यास गं?"

"बाबा असंच वाजवायचे," छोटी म्हणाली.

"तुझा बाप? पंचवीस वर्षं माझ्या शेजारी बसला तो. अर्धी मात्रा कधी इकडची तिकडे झाली नाही. रविवारपर्यंत सुधार, नाहीतर मी दुसरा माणूस बघतो."

छोटीचं तोंड एवढंसं झालं. बासवाले काका तिच्याबरोबर घरी आले. तिने कॅसेट लावली. मुखड्याच्या आधी बाबांचा डावा हात खरंच थांबत होता, मोजून दोन मात्रा, प्रत्येक फेरीत. काकांनी ती जागा तीनदा ऐकली.

"ही भरली तेव्हा तू केवढी होतीस?"

"नऊ वर्षांची."

"इथे उजव्या हाताला वरून पार खाली उडी मारावी लागते. एवढ्याशा हाताला ती वेळेत कशी जमणार? तो तुझ्यासाठी थांबलाय, बाळा."

इतकी वर्षं छोटी त्या थांबण्याला चालीचाच भाग समजत होती. तिला भडभडून आलं.

पुढचे तीन दिवस तिने कॅसेटला हात लावला नाही. दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर टाळ्या वाजवत घरभर फिरली, शेजारचे काय म्हणतील याची पर्वा न करता. रविवारी ती बाबांच्या जागेवर बसली. मधला भाग संपला, हात वरून खाली आला आणि बरोबर मात्रेवर पडला. घड्याळकाकांनी मान हलवली. त्यांच्याकडून एवढं मिळणं म्हणजे पुष्कळच झालं.

घरी आल्यावर तिने कॅसेट लावली आणि बाबांच्या डाव्या हाताबरोबर वाजवू लागली. मधला भाग संपला. ती वेळेवर खाली पोचली. बाबा अजून यायचे होते. छोटी सुरावर बोट ठेवून दोन मात्रा त्यांच्यासाठी थांबली.